जुने कॉमिक अंक ऑनलाइन घेताना: ग्रेड कोणाचा आणि भाव कशाचा?

पानवेडा (धागा सुरू करणारे)

१९७० आणि १९८० च्या दशकांतील मार्व्हल आणि डीसीचे जुने अंक मी आतापर्यंत वाचण्यापुरते, गठ्ठ्याने घेत आलो. आता त्यांतील काही मालिका चांगल्या स्थितीतील प्रतींनी पूर्ण कराव्यात असा विचार आहे, आणि त्या यादीत 'द इन्क्रेडिबल हल्क'चा १८१ वा अंकही आहे. नोव्हेंबर १९७४ ची तारीख असलेल्या या अंकात वुल्व्हरीन प्रथमच पूर्ण कथेत येतो. त्याआधीच्या १८० व्या अंकात तो केवळ शेवटच्या पानावर दिसतो. त्यामुळे हा अंक महाग असणार, हे मी धरून चाललो आहे.

अडचण निराळी आहे. 'व्हेरी फाइन' म्हणून जाहीर झालेल्या याच अंकाच्या प्रती वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे इतक्या वेगवेगळ्या भावांनी दिसतात की स्वस्तातली प्रत घ्यावी तर शंका येते आणि महागातली घ्यावी तर आपण फसवले जात आहोत असे वाटते. ग्रेड, म्हणजे प्रतीच्या स्थितीचा दर्जा, जर ठरलेल्या मोजपट्टीवर दिला जात असेल, तर एवढी तफावत कशी पडते? केवळ छायाचित्रे पाहून ग्रेड कितपत पडताळता येतो? आणि प्राइस गाइडमधील भाव, विक्रेत्याने लावलेला भाव व लिलावात मिळालेला भाव यांपैकी आधार कोणता धरावा? ज्यांनी या गोष्टींत लक्ष घातले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

कणा आणि पिना

तफावतीचे कारण असे की मोजपट्टी सगळ्यांची एकच असली, तरी मोजणारे हात वेगवेगळे असतात. ०.५ ते १०.० ही दहा अंकांची पट्टी आज जवळपास सर्व विक्रेते वापरतात. ९.४ म्हणजे नियर मिंट, ८.० म्हणजे व्हेरी फाइन, ६.० म्हणजे फाइन, ४.० म्हणजे व्हेरी गुड आणि २.० म्हणजे गुड. नावांवर न जाता आकडा पाहण्याची सवय लावलेली बरी, कारण 'गुड' प्रत प्रत्यक्षात बरीच झिजलेली, घड्या पडलेली, कधी मुखपृष्ठ पिनांपासून सुटत आलेली असते. ही पट्टी छापील व्याख्यांसह उपलब्ध असली, तरी त्या व्याख्यांमध्ये 'किरकोळ', 'थोडे', 'लक्षात येण्याजोगे' असे शब्द आहेत, आणि त्या शब्दांचा अर्थ विक्रेता लावतो. विकणाऱ्यानेच ग्रेड द्यायचा असल्याने तो अर्थ कोणत्या बाजूला झुकण्याचा संभव आहे, हे सांगायला नको. म्हणून ऑनलाइन खरेदीत आपण अंकाबरोबरच त्या विक्रेत्याच्या नजरेचेही मोल देत असतो, असे माझे मत आहे. ज्याची व्हेरी फाइन दर वेळी खरोखर व्हेरी फाइनच निघते, त्याने दहा-पंधरा टक्के जास्त मागितले तरी तो सौदा स्वस्तातला असतो.

ही नजर पारखण्यासाठी हल्क १८१ पासून सुरुवात करू नका. ज्या विक्रेत्याकडून मोठी खरेदी करण्याचा विचार आहे, त्याच्याकडून आधी त्याच काळातले चार-सहा साधे अंक मागवा, आणि ते मुद्दाम निरनिराळ्या ग्रेडचे मागवा. प्रत्येक प्रत हाती आल्यावर त्याने दिलेला आकडा झाकून स्वतः ग्रेड ठरवा आणि मग दोन्ही ताडून पाहा. फरक नेहमी अर्ध्या अंकाचा आणि नेहमी एकाच दिशेने पडत असेल, तर तो विक्रेताही वापरण्याजोगा आहे, कारण त्याची ७.० म्हणजे तुमची ६.५ हे एकदा कळल्यावर भाव त्याप्रमाणे लावता येतो. मात्र फरक कधी वर, कधी खाली असा भरकटत असेल, तर त्याच्याकडून केवळ वाचनप्रती घ्याव्यात.

स्वतः ग्रेड ठरवताना पाहण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक मुखपृष्ठ पाहून निष्कर्ष काढतात, आणि मागचे पृष्ठ, जिथे पांढऱ्या जागेवर मळ आणि डाग सर्वांत स्पष्ट दिसतात, ते शेवटी पाहतात. मी आधी कणा, म्हणजे पाने दुमडून पिना मारलेली कड, पाहतो. कण्यावर पिनांच्या आसपास ज्या बारीक आडव्या रेषा पडतात, त्यांत रंग तुटून खालचा पांढरा कागद दिसतो की नाही, हा पहिला प्रश्न. रंग न तुटलेली दुमड आणि रंग तुटलेली घडी यांत ग्रेडच्या दृष्टीने मोठे अंतर असते. त्यानंतर कणा सरळ आहे की वाचताना पाने मागे वळवल्यामुळे एका बाजूला सरकला आहे, हे पाहावे. पिनांना गंज आहे का, आणि असल्यास तो कागदात उतरला आहे का, मधले जोडपान दोन्ही पिनांत घट्ट आहे का, कोपरे बोथट झाले आहेत का, हे त्यानंतर. ओलाव्याच्या डागाला बहुधा कडेने एक गडद रेघ असते. मुखपृष्ठाच्या गडद रंगात ती लपते, पण आतल्या बाजूला दिसते. जुन्या अंकांवर वृत्तपत्र विक्रेत्याने मारलेला तारखेचा शिक्का असतो. तो लहान आणि नीटनेटका असेल, तर ग्रेडवर फारसा परिणाम होत नाही, आणि मला व्यक्तिशः तो आवडतोही.

आता छायाचित्रांविषयी. स्कॅनर सपाट काचेवर दाबून आणि समोरून प्रकाश टाकून चित्र घेतो, त्यामुळे रंग न तुटलेल्या दुमडी, बोटांचे दाब आणि मुखपृष्ठाची गेलेली चकाकी या सर्व गोष्टी त्यात नाहीशा होतात. म्हणून महागड्या प्रतीसाठी स्कॅनखेरीज तिरप्या प्रकाशात घेतलेले छायाचित्र मागावे, आणि तेही पिशवीतून बाहेर काढून घेतलेले, कारण प्लास्टिकच्या चमकेखाली कण्यावरच्या रेषा सहज दडतात. दर्शनी, मागचे, कणा, मुखपृष्ठाची आतली बाजू, मधले जोडपान आणि प्रकाशन-तपशिलाची बारीक ओळ असलेले पान, एवढी चित्रे मिळाली तर अर्ध्या-पाऊण अंकाच्या फरकाने ग्रेड सांगता येतो. स्वस्त अंकांसाठी अनेक मोठे विक्रेते सर्व प्रतींना एकच नमुना-चित्र लावतात. त्यात गैर काही नाही, पण त्या चित्रावरून ग्रेड ठरवू नये.

निवांत वाचक

वरील प्रतिसाद उत्तम आहे. फक्त एक बाजू राहून जाऊ नये म्हणून लिहितो. मालिका पूर्ण करायची असेल, तर प्रत्येक अंक एकाच ग्रेडचा हवा हा हट्ट फार महाग पडतो. १९७० च्या दशकातील साधारण अंक ५.० ते ७.० च्या दरम्यान देखणे असतात, निर्धास्त हाताळता येतात, आणि ९.० च्या तुलनेत बऱ्याचदा किरकोळ किमतीत मिळतात. मधल्या ग्रेडच्या प्रतींमध्ये विक्रेत्याची चूक झाली तरी नुकसान थोडे होते, कारण ६.० आणि ५.५ यांच्या भावांत मुळातच फार अंतर नसते. ९.६ आणि ९.८ यांचे तसे नाही. जिथे एका बारीक रेषेने भाव निम्म्यावर येतो, तिथे अनोळखी विक्रेत्याच्या शब्दावर पैसे लावण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

ताळेबंद

भावाच्या प्रश्नाकडे वळतो. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांचे प्राइस गाइड १९७० मध्ये प्रथम निघाले आणि तेव्हापासून विक्रेत्यांची बोली त्याच्या आधारे चालत आली. त्यात २.०, ४.०, ६.०, ८.०, ९.० आणि ९.२ असे रकाने असतात. सर्वांत वरचा रकाना ९.२ चा आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण आजच्या बाजारातील सर्वांत मोठी उसळी नेमकी त्याच्या वर, ९.४ पासून ९.८ पर्यंत, होते आणि तिथे गाइड काही सांगत नाही. शिवाय ते वार्षिक आहे. एखाद्या पात्रावर चित्रपट जाहीर झाला की त्याच्या पहिल्या अंकाचा भाव काही आठवड्यांत चढतो आणि चित्रपट येऊन गेल्यावर बऱ्याचदा उतरतो. वर्षातून एकदा निघणाऱ्या पुस्तकात ही हालचाल पकडली जाणे शक्य नाही. गाइडचा उपयोग मी दोन अंकांची किंवा दोन ग्रेडची आपसांतील तुलना करण्यासाठी करतो.

प्रत्यक्ष भावासाठी झालेले व्यवहार पाहावेत. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची वेगळी गाळणी आहे. तीत साधारण गेल्या ९० दिवसांचे व्यवहार दिसतात. तिथे एक खाच आहे. विक्रेत्याने घासाघीस करून कमी भाव मान्य केला असेल, तर मूळ मागितलेली किंमत खोडलेली दिसते आणि प्रत्यक्ष ठरलेला आकडा दिसत नाही. अशा नोंदी हिशेबात धरू नयेत. धरल्यास सरासरी विनाकारण वर जाते. ग्रेडिंग कंपनीने (म्हणजे ग्रेड ठरवून प्रत प्लास्टिकच्या पेटीत बंद करणाऱ्या त्रयस्थ संस्थेने) पेटीबंद केलेल्या प्रतींचे व्यवहार नोंदवणाऱ्या जीपीॲनालिसिससारख्या सेवा आहेत, आणि हेरिटेजसारख्या मोठ्या लिलावगृहांचे जुने निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. मात्र लिलावगृहाचा छापलेला आकडा पाहताना त्यात खरेदीदाराचे अधिमूल्य (बोलीवर लिलावगृह घेते ती जादा रक्कम) धरले आहे की नाही, हे तपासावे. ते अनेकदा २० टक्के असते, आणि काही ठिकाणी मुळीच नसते. हा फरक विसरून दोन लिलावांची तुलना केली, तर निष्कर्ष चुकीचाच निघतो.

पेटीबंद प्रतीचा भाव सुट्या प्रतीला लावणे ही विक्रेत्यांची सर्वांत आवडती युक्ती आहे. 'नियर मिंट' असे स्वतः लिहायचे आणि शेजारी ९.८ च्या पेटीबंद प्रतीचा भाव पुराव्यादाखल द्यायचा. सुट्या प्रतीवर ग्रेडिंगचा खर्च, पाठवणीचा खर्च, कित्येक महिन्यांची वाट आणि अपेक्षेपेक्षा कमी ग्रेड येण्याची जोखीम असते. ही सगळी वजाबाकी तिच्या भावात दिसली पाहिजे. याउलट काही विक्रेते यादीतील भाव मुळातच चढे ठेवतात आणि वरचेवर सवलतीचे संकेतशब्द जाहीर करतात. अशा ठिकाणी यादीतील किंमत हा भाव नसतोच, सवलतीनंतरचा आकडा हाच भाव असतो, आणि सवलत नसताना तिथे खरेदी करण्यात अर्थ नाही.

दुर्मिळता आणि जुनेपणा यांची गल्लत होऊ नये. १९९१ चा 'एक्स-मेन' क्रमांक १ पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या. लोकांनी तो विकत घेतला तोच जपून ठेवण्यासाठी, त्यामुळे आजही तो उत्तम स्थितीत ढिगाने उपलब्ध आहे. 'पहिला अंक', 'संग्राह्य' असे शब्द लिहून कोणी त्याच्या सुट्या प्रतीला मोठा भाव लावला असेल, तर त्या विक्रेत्याचे बाकीचे भावही संशयानेच पाहावेत.

आणि ग्रेड सारखा म्हणजे भाव सारखा, असेही नाही. जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स' क्रमांक १ च्या, ९.० ग्रेड मिळालेल्या दोन प्रतींचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एक २०११ मध्ये २१,६१,००० डॉलरला गेली आणि दुसरी २०१४ मध्ये ईबेवर ३२,०७,८५२ डॉलरला. मधल्या तीन वर्षांत बाजार वाढला होता हे खरेच, पण दुसऱ्या प्रतीची पाने पांढरीशुभ्र होती याचाही मोठा गाजावाजा झाला होता. ज्या अंकाची मूळ किंमत १० सेंट होती, त्याच्या कागदाच्या रंगावर एवढी चर्चा व्हावी, याची गंमत वाटते खरी.

पानवेडा

सर्वांचे आभार. यावरून असे वाटते की हल्क १८१ सारखा अंक सुटा घेण्यापेक्षा सीजीसी या ग्रेडिंग कंपनीच्या पेटीतलाच घ्यावा, म्हणजे ग्रेडचा वाद मिटेल. पण मग पेटीबंद प्रतींमध्येही पाहण्यासारखे काही उरते का, की केवळ आकडा पाहून स्वस्तातली निवडावी? कागदाच्या रंगाचा उल्लेख वर आला आहे, त्याबद्दलही वाचायला आवडेल.

चौकट

पाहण्यासारखे पुष्कळ उरते. सीजीसीचे काम २००० मध्ये सुरू झाले, सीबीसीएस २०१४ च्या सुमारास आली. या कंपन्यांनी दिलेला ग्रेड विक्रेत्याच्या ग्रेडपेक्षा तटस्थ असतो, एवढेच त्यांचे वचन. आकड्याआधी लेबलचा रंग पाहा. सीजीसीचे निळे लेबल साध्या, दुरुस्ती न झालेल्या प्रतीला मिळते. जांभळे लेबल दुरुस्ती केलेल्या प्रतीला, हिरवे लेबल एखादा मोठा दोष वगळून ग्रेड दिलेल्या प्रतीला, आणि पिवळे लेबल कंपनीच्या साक्षीदारासमोर झालेल्या स्वाक्षरीच्या प्रतीला. जांभळ्या लेबलची ८.० आणि निळ्या लेबलची ८.० यांच्या भावांत फार मोठी दरी असते. विक्रेत्याने शीर्षकात केवळ '८.०' लिहून छायाचित्रात लेबलचा वरचा भाग कापला असेल, तर पुढे वाचण्याचीही गरज नाही.

दुरुस्ती म्हणजे काय, हेही स्पष्ट असावे. उडालेल्या जागी रंग भरणे, फाटलेल्या ठिकाणी गोंद लावून जोडणे, कागदाचे तुकडे बसवणे, कडा कापून सरळ करणे, रसायनांनी डाग धुणे हे सर्व दुरुस्तीत मोडते. सुट्या प्रतीत रंग भरलेला असल्यास तो मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूने झिरपलेला दिसू शकतो, आणि अतिनील दिव्याखाली नवे गोंद व नवा कागद वेगळे चमकतात. कडा कापलेल्या असतील तर त्या संशयास्पद रीतीने ताज्या दिसतात; त्याच काळातील दुसऱ्या प्रतीवर ठेवून माप ताडावे. मात्र कारखान्यातील छपाई-कापणीच्या वेळीच उंची-रुंदीत थोडा फरक पडत असल्याने केवळ मापावरून आरोप करू नये.

कागदाविषयी सांगायचे तर हे अंक स्वस्त वृत्तपत्री कागदावर छापले जात. त्या कागदात लाकडातील लिग्निन शिल्लक असते, ते उजेड आणि हवेने आम्लधर्मी होत जाते, आणि पान आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी ठिसूळ होते. सीजीसीच्या लेबलवर म्हणूनच 'व्हाइट', 'ऑफ-व्हाइट टू व्हाइट', 'ऑफ-व्हाइट', 'क्रीम टू ऑफ-व्हाइट' असे शेरे असतात. साठवणीने किती फरक पडतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे १९७७ मध्ये कोलोरॅडोत बाहेर आलेला एडगर चर्च यांचा संग्रह. कोरड्या, थंड हवेत, उजेडापासून दूर, एकावर एक घट्ट रचून ठेवलेल्या त्या अंकांची पाने ३०-४० वर्षांनंतरही पांढरी आणि रंग ताजे होते, आणि त्या संग्रहातील प्रतींना आजही त्याच ग्रेडच्या इतर प्रतींहून कितीतरी अधिक भाव मिळतो. १९७४ च्या अंकाला 'ऑफ-व्हाइट टू व्हाइट' शेरा असेल तर समाधान मानावे. 'क्रीम'च्या खाली गेल्यास भाव कमी मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

पेटीवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. अलीकडच्या अनेक प्रतींची चित्रे तिथे असतात, ती विक्रेत्याच्या छायाचित्राशी जुळवावीत. २०२३ च्या अखेरीस पेट्यांमधील अंक बदलून लेबल तसेच ठेवल्याचे प्रकरण उघड झाल्यापासून ही तपासणी टाळणे मला धाडसाचे वाटते. पेटीच्या कडा, विशेषतः कोपऱ्यांवरील जोड, यांची जवळून घेतलेली चित्रे मागावीत. सीजीसीच्या जनगणनेत कोणत्या ग्रेडच्या किती प्रती नोंदल्या आहेत, हे विनामूल्य पाहता येते. हल्क १८१ च्या नोंदी हजारोंनी आहेत, म्हणजे हा अंक लोकप्रिय आहे पण दुर्मिळ नाही, आणि त्यामुळे आज सोडलेली प्रत उद्या दुसरीकडे मिळेल, हा तुमचा सर्वांत मोठा फायदा आहे.

कणा आणि पिना

चौकट यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण 'ग्रेडचा वाद मिटेल' हे पानवेडा यांचे वाक्य तसेच राहू नये. पेटीतील आकडाही एका दिवशी, काही माणसांनी दिलेले मतच असतो. हीच प्रत पेटीतून काढून, दाबून सपाट करून पुन्हा पाठवली तर वरचा ग्रेड मिळवू शकते, आणि त्यावर चालणारा व्यवसायच उभा राहिला आहे. उष्णता, ओलावा आणि दाब यांनी दुमडी काढण्याच्या या प्रक्रियेला सीजीसी दुरुस्ती मानत नाही. मला ते पटत नाही. कागदावर हेतुपुरस्सर केलेला बदल हा बदलच आहे, आणि किमान तो झाल्याचे खरेदीदाराला कळले पाहिजे. व्यवहाराच्या दृष्टीने एवढेच घ्यावे की एकाच ग्रेडच्या दोन पेटीबंद प्रतींत जी डोळ्यांना अधिक चांगली दिसते, ती घ्यावी. चित्र मध्यभागी नीट बसलेले, रंग गडद आणि मुख्य दोष मागच्या पृष्ठावर असलेली ६.५ ची प्रत मला मुखपृष्ठावर ठळक घडी असलेल्या ७.० पेक्षा केव्हाही चालेल.

चौकट

दाबण्याबद्दल आपले एकमत होणार नाही, हे मागेही दिसले आहे. ज्यात काही भरले जात नाही आणि काही काढले जात नाही, त्याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. ६.५ आणि ७.० बद्दल मात्र पूर्ण सहमती.

तळटीप

हल्क १८१ साठी सर्वांत आधी विचारायचा प्रश्न अजून कोणी लिहिलेला नाही, म्हणून हा प्रतिसाद. १९७४ ते १९७६ या काळात मार्व्हलच्या अंकांत वाचकांच्या पत्रांच्या पानावर कापून जमवायची 'व्हॅल्यू स्टॅम्प' छापलेली असत. मुलांनी त्या इमानेइतबारे कापल्या. १८१ मध्ये ५४ क्रमांकाची, शॅना या पात्राची तिकिटी आहे. ती कापलेली असली तरी मुखपृष्ठ, कणा आणि मागचे पृष्ठ यांवरून काहीही कळत नाही. अंक बाहेरून ८.० दिसतो आणि प्रत्यक्षात अपूर्ण असतो. ग्रेडिंग कंपनीकडे अशी प्रत गेल्यास तिला हिरवे लेबल किंवा फार खालचा ग्रेड मिळतो. म्हणून सुट्या प्रतीसाठी तिकिटी शाबूत असलेल्या पानाचे छायाचित्र हवेच, आणि 'अंक पूर्ण आहे' असे विक्रेत्याकडून लेखी हवे. तिकिटी नसलेली प्रत विकत घेऊच नये असे मी म्हणत नाही. ती खूप स्वस्त पडते आणि मुखपृष्ठ तेच असते. फक्त भाव अपूर्ण प्रतीचा असावा.

दुसरे, पुनर्मुद्रणे आणि आवृत्त्या. 'ॲक्शन कॉमिक्स' क्रमांक १ चे डीसीने १९७४ मध्ये मोठ्या आकारात पुनर्मुद्रण केले होते. त्याचे बाहेरचे जाड वेष्टन काढले की आत मूळ मुखपृष्ठाची हुबेहूब प्रतिकृती राहते, आणि ती मूळ अंक म्हणून विकण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. आकार मूळ अंकापेक्षा बराच मोठा असल्याने मोजपट्टी शेजारी ठेवून घेतलेले एक छायाचित्र मागितले की प्रश्न संपतो. आता प्रकाशक स्वतःच प्रसिद्ध अंकांच्या प्रतिकृती जुन्या जाहिरातींसह काढतात. त्यांवर आणि त्यांच्या प्रकाशन-तपशिलात तसा उल्लेख असतो, पण विक्रेत्याच्या शीर्षकात तो कधी कधी गळतो. पूर्णतः बनावट छपाईची उदाहरणेही आहेत. 'सेरेबस'चा पहिला अंक आणि 'टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स'चा १९८४ चा पहिला अंक यांच्या बनावट प्रती माहीतगारांच्या परिचयाच्या आहेत, आणि हे दोन्ही अंक मी सुटे घेणार नाही.

तिसरे, एकाच अंकाच्या दोन विक्री-आवृत्त्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मार्व्हलने कॉमिक दुकानांसाठी वेगळी खूण असलेल्या प्रती छापल्या. मुखपृष्ठावरच्या चौकटीत बारकोड असेल तर ती वृत्तपत्र विक्रेत्यांसाठीची, आणि बारकोडच्या जागी स्पायडर-मॅनचा चेहरा किंवा तत्सम चित्र असेल तर दुकानासाठीची. मे १९८८ च्या 'ॲमेझिंग स्पायडर-मॅन' ३०० मध्ये, ज्यात व्हेनम पूर्ण रूपात येतो, हा फरक भावातही दिसतो. वृत्तपत्र विक्रेत्यांकडच्या प्रती जास्त हाताळल्या गेल्या असल्याने वरच्या ग्रेडमध्ये त्या कमी मिळतात. १९७६ मध्ये ३० सेंटच्या आणि १९७७ मध्ये ३५ सेंटच्या काही प्रती मार्व्हलने मोजक्या भागांत प्रयोग म्हणून विकल्या, त्यांना आज खूप मागणी आहे. पण 'स्टार वॉर्स' क्रमांक १ वर ३५ सेंट दिसले म्हणून भाळू नये, कारण त्याच्या पुनर्मुद्रणांवरही तीच किंमत होती. बारकोडची चौकट आणि आतील तपशिलाची ओळ या दोन्ही पाहिल्याशिवाय त्या अंकावर बोली लावू नये.

निवांत वाचक

पाठवणीबद्दल थोडेसे. ८.० ची प्रत टपालात ६.० होऊ शकते, म्हणून पैसे देण्याआधीच बांधणी कशी करणार हे विचारावे. अंक आम्लमुक्त पुठ्ठ्यासह पिशवीत, ती पिशवी दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये न हलेल अशी बसवलेली, आणि पुठ्ठ्यांच्या आतील नालीदार रेषा एकमेकींना आडव्या, एवढे किमान हवे. चिकटपट्टी पिशवीच्या तोंडावर उघडी राहिली की अंक काढताना मुखपृष्ठाला चिकटते. हा अपघात मी अनेकांकडून ऐकला आहे. एकाच विक्रेत्याकडून अनेक अंक एकत्र मागवले तर प्रति अंक खर्च बराच उतरतो. आयात कर वाचवण्यासाठी पाकिटावर कमी किंमत लिहायला सांगणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पाकीट हरवल्यास विमाही तेवढ्याच रकमेचा मिळतो. पाकीट उघडताना सलग चित्रीकरण करावे. परतीची मुदत आणि अटी आधी वाचाव्यात. पेटीबंद प्रती अनेक विक्रेते परत घेत नाहीत.

पानवेडा

या चर्चेनंतर मी दोन विक्रेत्यांना पत्र लिहिले. एकाने तिरप्या प्रकाशातील छायाचित्रे, तिकिटीचे पान आणि मधले जोडपान यांची चित्रे त्याच दिवशी पाठवली. त्याची प्रत त्याने ७.५ म्हटली आहे, मला ती ७.० वाटते. दुसऱ्याने 'छायाचित्रे जाहिरातीत आहेत, ग्रेडिंग काटेकोर आहे' असे उत्तर दिले आहे. त्याचा भाव पहिल्यापेक्षा बराच कमी आहे, आणि परतीची मुदत मात्र दोघांचीही सारखीच आहे. परत करता येत असेल तर दुसऱ्याची प्रत मागवून पाहण्यात तोटा काय, असा प्रश्न मनात येतो.

ताळेबंद

तोटा दोन्ही वेळच्या पाठवणीच्या खर्चाचा, परतीच्या टपालात होऊ शकणाऱ्या हानीच्या जबाबदारीचा, आणि तोपर्यंत पहिली प्रत दुसऱ्या कोणी नेण्याचा. परतीच्या अटीत खर्च कोणी सोसायचा हे लिहिलेले नसेल, तर तो तुमच्यावर येईल असे धरून चाला आणि तो आकडा दुसऱ्याच्या भावात मिळवून मग तुलना करा. पहिल्याला ७.० च्या गेल्या तीन महिन्यांतील पेटीबंद व्यवहारांचे आकडे दाखवा, त्यांतून ग्रेडिंगचा खर्च वजा करून येणारी किंमत सांगा आणि कण्यावरील ज्या रेषांमुळे तुम्ही ७.० म्हणता, त्यांवर खूण केलेले त्याचेच छायाचित्र सोबत जोडा. ज्याने तिरप्या प्रकाशातील चित्रे न कुरकुरता पाठवली, तो अर्ध्या अंकावर बहुधा बोलायला तयार होईल.